बगळ्याचा पांढरा रंग

तुमसरच्या बाजारात बगळा छाप तांदूळ मिळतो. पोत्यावर मिलचं नाव ठळक अक्षरात आहे, तरी ते नाव घेऊन कोणी तांदूळ मागत नाही. बगळा द्या, म्हणतात. तो बगळा माझ्या हातचा आहे. मागच्या वर्षी माझ्याच सहीने तो दिसेनासा होणार होता. कसा, ते लिहून ठेवते.

माझं माहेर कोंढ्याचं, शाळा चौथीपर्यंत. चित्र काढायला कोणी शिकवलं नाही. नवरा तुमसरात पोत्यांवर छापे मारायचा. आधी पत्र्याचा साचा कापून त्यावरून ब्रश ठोकायचा, पुढे स्क्रीन आली. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, चित्रापुरती जाळी उघडी ठेवायची, बाकीची बंद करायची आणि रबराच्या पट्टीने रंग ओढायचा. एका रंगाला एक स्क्रीन. तीन रंगांचं चित्र म्हणजे तीन स्क्रीन, आणि तिन्ही एकमेकांवर नेमक्या बसल्या पाहिजेत. हे काम नवऱ्याने मला शिकवलं, कारण माणूस ठेवायची ऐपत नव्हती. माझा हात त्याच्यापेक्षा साफ होता. तो हे चारचौघांत सांगायचा आणि घरी आला की भाजीत मीठ जास्त आहे म्हणायचा.

मिल सुरू झाली तेव्हा जुने शेठ आमच्या घरी छाप ठरवायला आले. नवऱ्याने वाघ, सिंह, मोर सांगून पाहिले. सगळे दुसऱ्या मिलवाल्यांनी घेतले होते. मी आतून म्हटलं, "बगळा काढा ना. धानाच्या रोवण्यात तोच तर उभा रायते."

शेठ हसले. "बाई, बगळा तर ठग पक्षी आहे. डोळे मिटते आन मच्छी खाते."

"ठग असला तरी पांढरा हाये. तांदूळ पांढराच पायजे ना तुम्हाले?"

शेठनी चहा संपवला आणि बगळा नक्की केला.

लहानपणी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून मी बगळेच पाहिले होते, त्यामुळे काढायला वेळ लागला नाही. काळ्या रेघेचा बगळा, एक पाय उचललेला, मागे हिरवं धान, खाली लाल पट्टा. बगळ्याच्या अंगात रंग भरायचा प्रश्नच नव्हता. थैली पांढऱ्या कापडाची, पुढे प्लास्टिकचं पोतं आलं तेही पांढरं. बाहेरून रेघ मारली की आत बगळा आपोआप पांढरा. त्याला स्क्रीन लागली नाही, शाई लागली नाही. इतकी वर्षं आम्ही तो पांढरा वापरला आणि तो रंग आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

पहिल्या खेपेला एक फजिती झाली. टेबलावर सपाट पडलेल्या थैलीवर बगळा चांगला दिसत होता. मिलमध्ये थैली भरली, शिवली, उभी केली, तर बगळ्याचे पाय बुडाखाली गेले आणि पोट गाभण म्हशीसारखं सुटलं. हमाल पोट धरून हसले. एक म्हणाला, "वहिनी, बगळा अंडे उबवून राहिला का?" नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. त्याने तिन्ही स्क्रीन पुन्हा केल्या, बगळा चार बोटं वर घेतला, पोट बारीक केलं. तेव्हापासून घरात नियम झाला. छापलेलं पोतं आधी भरायचं, शिवायचं, भिंतीला उभं करायचं आणि दहा पावलांवरून पाहायचं. मग पास. पाहायचं काम माझं. मी हो म्हटलं की नवरा कोपऱ्यात माझी सही घ्यायचा आणि ते पोतं मिलमध्ये दाखवायला न्यायचा. चौथीतली सही, पण जुने शेठ ती पाहूनच माल घ्यायचे.

नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोती कारखान्यात छापून येऊ लागली आणि आमच्या स्क्रीन माळ्यावर गेल्या. मुलगा चिखल्याच्या खाणीतून दगड वाहणाऱ्या ट्रकवर आहे, त्याला या कामात कधीच रस नव्हता. सुनेला होता. ती भंडाऱ्याहून कॉम्प्युटरचं शिकून आली होती. ज्या खोलीत आम्ही पोती वाळवायचो तिथे तिने मशीन मांडली. लग्नाच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे बॅनर. अशी कामं हंगामात येतात आणि हंगाम संपला की खोली गप्प. बारा महिने चालणारं काम एकच होतं, मिलचं. पोती कारखाना छापत असला तरी छापायची फाइल आमच्या घरून जायची.

मागच्या वर्षी मिलच्या धाकट्या शेठनी नवीन माल काढला. पॉलिश न केलेला तांदूळ, एक किलोच्या आरपार पाकिटात, शहरातल्या लोकांसाठी. आमच्या लहानपणी असा तांदूळ घरोघरी होता आणि लोक पॉलिशवाल्याकडे पाहून लाळ गाळायचे. आता उलटं झालं आहे. धाकटे शेठही आता पन्नाशीचे आहेत, पण मी त्यांना नाक वाहणाऱ्या वयात पाहिलं आहे.

ते खुर्चीत बसून सुनेला म्हणाले, "पाय बाई, भाच्याच्या ओळखीचा एक डिझायनर हाये नागपूरले. भाचा म्हणते, मामा सगळं काम त्यालेच द्या. मी म्हटलं, पहिलं पाकीट माझी तुमसरवाली करन. आता तुया हातून बरोबर आलं तर पाकिटं, पोती, सगळं तुयाकडे. गडबड झाली तर मग मले बोलू नको."

"नाही होणार गडबड, शेठजी," सून म्हणाली.

ते गेल्यावर तिने मला सांगितलं, "आई, हे काम गेलं तं दुकान नाही चालत. मग मले भंडाऱ्याले फारम भरायच्या दुकानात बसा लागन. रोज बस."

"मंग बसजो," मी म्हटलं.

"मले नाही बसायचं."

"तं नीट कर."

यापेक्षा जास्त बोलायची आमच्या घरात पद्धत नाही.

आमच्या फाइलमधली रेघ पोत्यासाठी जाड केलेली होती, पाकिटावर जुना बारीक रेघेचा बगळा हवा, म्हणून शेठनी त्याचा फोटो मोबाइलवर पाठवला, एका जुन्या पोत्यावरून काढलेला. सुनेने तो मोठा करून दाखवला. रेघ गेली होती, तिथे चौकोनी पायऱ्या दिसत होत्या. ती म्हणाली, मोबाइलवरून पाठवलेला फोटो दबून येतो, लहान असतो तोवर बरा दिसतो, मोठा केला की फाटतो. मी पेटी उघडली. तळाशी बटर पेपरवरचं माझं मूळ चित्र होतं, पिवळं पडलेलं, मानेवरून घडी गेलेली. सुनेने ते काचेवर ठेवून सहाशे डीपीआयवर, म्हणजे अगदी बारीक, स्कॅन केलं. पडद्यावर पाहिलं तर माझा हात जिथे थरथरला होता तेही दिसत होतं.

तिथून चार दिवस आम्ही दोघी त्या बगळ्यावर बसलो. मशीन आपोआप रेघ काढून देते, पण तिने काढलेल्या रेघेत पायाच्या बोटांना गाठी आल्या. सुनेने ते पुसलं आणि ठिपका ठिपका जोडत रेघ हाताने काढली. मी मागे बसून सांगत होते.

"गुडघा उलटा कर. बगळ्याचा गुडघा मांगे वाकते."

"तुमच्या चित्रात पुढं हाये, आई."

मी पाहिलं. खरंच पुढे होता. इतकी वर्षं तो बगळा माणसासारखा पाय वाकवून उभा होता आणि मी रोज पास करत होते.

"मंग रावू दे पुढंच," मी म्हटलं. "लोकाईले तोच ओळखीचा हाये."

हिरव्यावरून भांडण झालं. पडद्यावर धान असं चमकत होतं की डोळे दिपावेत. मी म्हटलं, हा रंग छपाईत येणार नाही, पडद्याच्या मागे दिवा आहे, शाईच्या मागे नाही. ती म्हणाली, आई, मला माहीत आहे, अजून छपाईच्या रंगात बदललं नाही. बदललं तसा हिरवा मेला. मग तिने पिवळा वाढवत वाढवत तो धानासारखा केला. कापताना चित्र उघडं पडू नये म्हणून खालचा लाल पट्टा तिन्ही बाजूंनी कडेच्या बाहेर सोडला. अक्षरांच्या रेघा करून टाकल्या, म्हणजे पाकिटं छापणाऱ्या नागपूरच्या कारखान्यात तो फॉन्ट नसला तरी काही उडणार नाही. काम तिला येतं. तोंडावर मी हे बोलले नाही.

पाकिटाची छपाई रुळांवर होते. त्याला सिलिंडर म्हणतात. प्रत्येक रंगाचा वेगळा रूळ, आणि त्यावर चित्र कोरतात. एकदा कोरलं की ते खोडता येत नाही. म्हणून आधी कागदावर प्रूफ काढून सह्या घेतात. सुनेने प्रूफ काढलं. मी दारात नेऊन उजेडात पाहिलं. काळी रेघ बारीक, हिरवा बरोबर, लाल बरोबर, बगळा पांढराशुभ्र. मी खाली सही केली. मिलमध्ये शेठनी चित्राकडे पाहिलंही नाही. माझी सही पाहिली, तिच्या बाजूला त्यांची केली आणि म्हणाले, "काकूनं पास केलं ना, मंग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल गेली. नागपूरच्या छपाईवाल्याचा फोन आला, फाइल उघडली, जेवण झालं की रूळ कोरायला घेतो. सुनेने त्या दिवशी चहात दूध जास्त घातलं.

मला मात्र चैन पडत नव्हतं. प्रूफ टेबलावर पडलं होतं आणि मी त्याच्यासमोरून येत-जात होते. काय चुकलं ते कळत नव्हतं. काहीतरी करायचं राहिलं आहे एवढंच वाटत होतं. चुलीवर भात असला की जसं मन तिकडे राहतं तसं. मग कळलं. पोतं भरलं नव्हतं. लग्नानंतरच्या त्या पहिल्या फजितीपासून एकही छाप मी भरल्याशिवाय पास केला नव्हता, आणि हा सपाट कागदावर केला होता.

मी सुनेला म्हटलं, "पाकीट भरून पायलं नाही."

"पाकीट आलंच कुठी अजून? आल्यावर भरू."

"आल्यावर भरून का करतं? तवा तं छापून झालं रायते."

"मंग का कागदात तांदूळ बांधू? पुडी करू का चण्याची?" ती हसत होती.

मी माळ्यावरून फिल्मचा डबा काढायला लावला. स्क्रीन करताना चित्र आधी आरपार फिल्मवर काढावं लागे, त्यातले काही ताव उरले होते. फिल्म जराशी दुधट असते, तरी पलीकडचं दिसतं. सून म्हणाली, आई, तुम्ही ऐकणार नाही. तिने एका तावावर पाकिटाची पुढची बाजू छापली. दोन ताव जोडून तिन्ही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. मी मिलने नमुना म्हणून दिलेला तांदूळ आणला. पॉलिश न केलेला, मातीच्या रंगावर जाणारा. तो वरून ओतला, तोंड बंद केलं, पाकीट भिंतीला उभं केलं आणि दहा पावलं मागे गेले. खोली तेवढी लांब नाही, म्हणून अंगणात गेले.

अंगणातून धान दिसत होतं. लाल पट्टा दिसत होता. बगळा नव्हता.

जवळ आले तर एक चोच होती, एक डोळा होता, दोन पाय होते. मधे नुसता तांदूळ. जिथे पांढरं अंग हवं तिथे तपकिरी दाणे आणि भोवती केसासारखी रेघ.

सून बाजूला येऊन उभी राहिली. "मायबाई," ती म्हणाली, "पांढरा दिलाच नाही आपण."

दिला नव्हता. पोत्याने द्यायचा, कागदाने द्यायचा, म्हणून आम्हाला द्यावा लागतो हेच माहीत नव्हतं. आरपार पाकिटाला पांढरं अंग नसतं. तिथे पांढरा हवा असेल तर त्याची शाई लागते, त्याचा वेगळा रूळ लागतो. प्रूफ पांढऱ्या कागदावर निघालं, म्हणून मलाही दिसलं नाही. पोती छापणाऱ्या घराकडूनच अशी चूक होऊ शकते. नागपूरच्या त्या डिझायनरने केली नसती.

सुनेने छपाईवाल्याला फोन लावला. उचलला नाही. जेवायची वेळ होती. तिने पुन्हा लावला. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि तिसऱ्यांदा मीच लावला. माणूस घास खातच बोलला.

"रूळ कोरला का?" मी विचारलं.

"कोण बोलतंय?"

"पास करणारी. कोरला का, ते सांगा."

"काळा आन लाल लावून ठेवला मशीनवर, जेवलो का कोरतो. काहून?"

मी सांगितलं, बगळ्याला पांढरा पाहिजे. तो म्हणाला, "अवो माई, फाइलमदे पांढरा नव्हता. मले वाटलं पक्ष्याची खिडकी ठेवली तुम्ही, आतला माल दिसासाठी. आजकाल तशीच फॅशन हाये."

"खिडकी नाही, बगळा हाये तो."

तो हसला. मग म्हणाला, काळा, लाल, हिरवा बिघडत नाही, पांढऱ्याचा एक रूळ वाढवावा लागेल. सगळे रंग लागून झाले की शेवटी पांढरा लागतो, कारण पाकिटाची छपाई आतल्या बाजूने होते. पण वाढीव रुळाला पार्टीची, म्हणजे मिलची, सही हवी आणि फाइल नवी हवी, संध्याकाळच्या आत. नाहीतर जसं आहे तसं पुढे जाईल, मशीन रिकामी ठेवता येत नाही.

सून म्हणाली, "शेठले सांगा लागन. मी सांगतो."

"सही माही हाये," मी म्हटलं. "तू फाइल कर."

तिने मशीनपाशी बसून विचारलं, "पांढरा रेघेपर्यंत भरू ना?"

"रेघेच्या मधोमधपर्यंत. रेघेच्या बाहेर गेला तं कडेनं डोकावन. आत कमी पडला तं फट दिसन. काळ्याच्या खाली लपला पायजे. स्क्रीन सरकत होती, रूळ बी सरकतच असन." हे मला कोणी पुस्तकात शिकवलं नव्हतं. हिरवा आणि काळा जुळवताना आम्ही हेच करायचो. ती मान हलवून कामाला लागली.

मी ते भरलेलं पाकीट आणि वाढीव रुळाच्या मंजुरीचा कागद पिशवीत घातला आणि ऑटोने मिलमध्ये गेले. शेठ गादीवर होते. बाजूला दोन व्यापारी बसले होते. नंतर येते म्हटलं असतं तर चाललं असतं, पण संध्याकाळ थांबणार नव्हती. मी पाकीट त्यांच्यापुढे उभं केलं.

"हे का हाये, काकू?"

"तुमचं पाकीट. बगळा शोधा."

त्यांनी पाकीट फिरवून पाहिलं. एका व्यापाऱ्याने चश्मा वर केला. "उड गया क्या?" तो म्हणाला. शेठ हसले नाहीत.

"काकू, हे तं तुम्ही पास केलं होतं ना?"

"केलं होतं. चुकलं माहं. भरून पायलं नव्हतं."

"आन तुमच्या सुनेनं?"

"तिनं मी सांगतलं तसं केलं. पांढऱ्याचा रूळ वाढवा लागते. सही द्या, संध्याकाळपर्यंत फाइल जाते. नाही देत तं हेच छापून येते." मग जे सांगायला आले होते ते सांगितलं. "काम भाच्याच्या माणसाले द्याचं असन तं द्या. पण तो बगळा पांढरा करूनच द्या."

 शेठनी पाकीट उचललं, पाखडतात तसं हलवलं, दाणे सरकले तशी रेघ दिसली आणि पुन्हा गेली. मग त्या व्यापाऱ्याला म्हणाले, "या बाईनं मले चड्डीत असताना पायलं हाये. माही चूक मी हिच्यापुढं कधी कबूल केली नाही, आन हिनं पाय तिची कशी केली." त्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि सही केली. या वेळी आधी वाचला.

"भाच्याले काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही पाहा," मी म्हटलं.

परत आले तेव्हा सुनेने पांढरा वेगळा काढून ठेवला होता. पडद्यावर त्याला गुलाबी रंग दिला होता, कारण पांढरा पांढऱ्यावर दिसत नाही आणि तो आहे हे नागपूरवाल्याला दिसायला हवं. गुलाबी बगळा. मी कडा पाहिल्या. सगळीकडे काळ्याच्या मधोमध होता. पायाच्या बोटांपाशी एके ठिकाणी बाहेर आला होता, तो आत घ्यायला लावला. फाइल गेली.

शेठ काय ठरवणार ते त्या दिवशी कळलं नाही. महिन्याभराने मिलचा हमाल पहिल्या छपाईची काही पाकिटं घेऊन घरी आला. रिकामी, सपाट. सोबत शेठचा निरोप होता, दोघींनी पाहून पास करा म्हणजे बाकीची भरायला घेतो, आणि दिवाळीच्या पोत्यांची फाइल पण सुरू करा.

सुनेने पाकीट उजेडात धरलं नाही, टेबलावर सपाट ठेवून पाहिलंही नाही. सरळ त्या नमुन्याच्या तांदळाचा डबा ओढला, पाकीट भरलं, तोंडाला पट्टी लावली, भिंतीला उभं केलं आणि माझ्यासाठी न थांबता अंगणात गेली. मी मागून गेले. बगळा पांढरा होता. एक पाय वर, गुडघा माणसासारखा पुढे.

"पास?" मी विचारलं.

"थांबा, आई." ती आत गेली, पट्टी काढली आणि तांदूळ अर्धा डब्यात ओतला. पुन्हा उभं केलं, पुन्हा अंगणात आली. "घरी नेल्यावर लोक रोज थोडा थोडा काढतीन. रिकामं बी पायलं पायजे."

हे आमच्या नियमात नव्हतं. पाकीट वरून खचलं होतं, बगळ्याची मान थोडी वाकली होती, पण रंग जागेवर होता.

"आता पास," ती म्हणाली आणि पेन माझ्याकडे न देता आधी स्वतःची सही केली. खाली थोडी जागा ठेवली होती. तिथे मी केली.